जानेवारीत काही दिसत नाही

म्झेविनार आली जानेवारीत.
डोळ्यांखाली बोट टेकवून म्हणाली, इथं.
तिथं काहीच नव्हतं.

दिवा जवळ ओढला, भिंग लावलं.
कांजिण्यांचा एक जुना खड्डा, एवढाच ऐवज.
बाकी त्वचा मळलेल्या कणकेसारखी,
बोट उचललं की पुन्हा सपाट.
"उन्हाळ्यात असतात," ती म्हणाली,
"आणि कामावर. कामावर बारा महिने."

आधीच्या एका डॉक्टरनं लिहिलं होतं : मनाचे खेळ.
दुसऱ्यानं विजेच्या सुईनं जाळले सगळे,
जूनमध्ये ते परत आले, शेजाऱ्यांना घेऊन.
आता न्हाणीघरातल्या बायका
तिच्या हातून पाठ घासून घ्यायला कचरतात.

तिबिलिसीच्या जुन्या भागात, जमिनीखालच्या घुमटांत,
सव्वीस वर्षं ती लोकांचा घाम धुते आहे.

मी वहीत आकार धान्यांत लिहिते :
मोहरी, मसूर, वाटाणा.
त्या दिवशी रकाना कोरा ठेवला आणि विचार करत बसले.
पापण्यांखालच्या घामनळ्यांच्या पिवळट गाठी
एकदा आल्या की मुक्कामालाच असतात.
कर्करोगाची मोतिया कडा तर कॅलेंडर बघतच नाही,
थंडी असो, लग्नसराई असो, तिचं काम चालू.
येऊन जाणारं काय असतं मग?
जे उष्णतेवर फुगतं आणि गारव्यात ओसरतं.
पुस्तकात एक ओळ होती,
स्वयंपाकिणी आणि परटिणींविषयी. मी ती परीक्षेपुरती पाठ केली होती.

गुरुवारी दवाखाना आटोपून न्हाणीघरात गेले.
साबणाच्या डबीत निर्जंतुक सुई.
गंधकाचा वास, जणू कुणी अंडी उकडत ठेवून गावाला गेलंय.
तपासायला आलेली मी,
आणि दगडी ओट्यावर पालथी पडलेलीही मीच.
लोकरी हातमोज्यानं तिनं पाठीवरून
माझा मळ वळ्यावळ्यांनी काढला,
बादली ओतली, म्हणाली, "आता वळा. बघा."

वाफेत तिचा चेहरा.
डोळ्यांखाली एक, मग तीन, मग मोजणं चुकलं :
निळसर, ताणलेले, आरपार उजेड जाईल असे.
मोहरी. मोहरी. एक मसूर.
एकाला सुई लावली.
स्वच्छ पाण्याचा थेंब आला आणि दाणा बसला, फुगा बसतो तसा.

"एवढंच?"
"एवढंच."
थेंब बोटावर घेऊन ती बघत राहिली.
"म्हणजे माझाच घाम?"
तुझाच. बाहेर पडायच्या वाटेवर अडकून राहिलेला.

तरी जुलैत एक दाणा कापून वारलामकडे पाठवला,
जांभळं-गुलाबी करून काचेवर पाहिल्याशिवाय
म्हातारा स्वतःच्या वाढदिवसावरही विश्वास ठेवत नाही.
दुसऱ्या नळीतून मीही डोकावले :
पेशींच्या दोन ओळींची भिंत, आत रिकामी खोली.
पाणी रसायनात कधीच वाहून गेलेलं.
"भाडेकरू गेला," वारलाम म्हणाला, "पण घर चांगल्या माणसाचं दिसतंय."
आणि खाली सही केली.

न्हाणीघर सोडलंस तर जातील, मी सांगितलं.
ती हसली. पगार काय बर्फ देणार आहे?
औषध नको म्हणाली, सुई नको.
फक्त कागदावर लिहून द्या, मोठ्या अक्षरांत, शिक्क्यासह :
सौम्य. संसर्ग नाही. घामाची पुटकुळी.

तो कागद तिनं दाराशी लावला,
साबण आणि टॉवेलच्या दरांखाली.
वाफेनं आठवड्यात शाई ओघळली,
"सौम्य" तेवढं कसंबसं वाचता येत होतं.
सप्टेंबरात ती दुसरा कागद मागायला आली.
या वेळी मी पेन्सिलीनं लिहिलं.